रविवारी टोकन पाठवू नका

पत्र

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी दहावीत आहे. गेली दोन वर्षं ती सांगलीला येऊन दहा मीटर एअर रायफल शिकते. क्लबच्या रायफलीवर तिचा आजवरचा सर्वांत चांगला स्कोअर ६०३.४ आहे. आता एका मोठ्या शहरातल्या माणसाकडे परदेशी बनावटीची मॅच रायफल विकाऊ असल्याचं कळलं. सहा वर्षं वापरलेली आहे, दोन लाख दहा हजार सांगतो. सोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड आहे, त्यावर पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसतात. रविवारपर्यंत पंचवीस हजार टोकन पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. मुलगी म्हणते, "पप्पा, रायफल बदलली की आठ-दहा गुण सहज वाढतील." पुतण्याचं वेगळंच. परदेशात लोक सेमी-ऑटोमॅटिक प्रिसिजन रायफल घेतात, घ्यायचीच तर तसली घेऊ म्हणतो. बेदाण्याचे पैसे नुकतेच हातात आलेत. मला बंदुकीतलं काही कळत नाही. काय बघून घ्यावी?
– एक वडील, तासगाव

उत्तर

दादा, नमस्कार.

पहिलं उत्तर रविवारचं. टोकन पाठवू नका. तासगावच्या बेदाणा सौद्यात तुम्ही किती वर्षं उभे राहताय! तिथे कोणी बॉक्स न फोडता, मधला मूठभर माल तळहातावर न घेता बोली लावतं का? फोटो बघून बेदाणा घेणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल, तेच मी तुम्हाला म्हणतेय. चांगल्या रायफलीचा प्रामाणिक मालक ती रेंजवर आणून दाखवायला कधी मागेपुढे बघत नाही. खरोखरच दुसरं गिऱ्हाईक असेल तर त्याला घेऊ दे. दहा मीटरच्या वापरलेल्या रायफली बाजारात येतच राहतात. दरवर्षी कोणाची तरी बारावी होते, कोणाचं तरी लग्न ठरतं आणि रायफल विकायला निघते.

पुतण्याच्या मुद्द्यावर स्पष्टच लिहिते, कारण त्यात गंमत म्हणून सोडून देण्यासारखं काही नाही. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसून उडणारी) सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे प्रतिबंधित गटात मोडते. जिल्हाधिकारी कार्यालयातून तिचा परवाना मिळत नाही. कोणी "कागद करून देतो" म्हणाला तर त्याचा नंबरसुद्धा फोनमध्ये ठेवू नका. आणि आपल्या खेळाला तिचा उपयोगही नाही. दहा मीटरला एका वेळी एकच पेलेट, म्हणजे छर्रा, हाताने भरायचा असतो. आपल्या शेजारचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझपदक घेऊन आला. त्या प्रकारातली .२२ रायफलसुद्धा एकेक काडतूस भरूनच चालवतात. एक शॉट, मग श्वास, मग पुढचा शॉट, असा हा खेळ आहे. तुमच्या मुलीच्या एअर रायफलीला मात्र परवाना लागत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. मॅच रायफलीची ताकद साधारण साडेसात ज्यूलच असते.

आता मुलीच्या "आठ-दहा गुणां"कडे येते. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच आहे. ती खोटं बोलत नाही. पण हे तपासून बघता येतं, आणि पैसे मोजण्याआधी तपासायलाच हवं.

आपल्या टार्गेटवरचा १० चा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पेलेट साडेचार मिलिमीटरचा. पेलेटची कड ठिपक्याला लागली तरी १०.० मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरवर असला तरी दहा. तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो आणि १०.९ साठी मध्य पाव मिलिमीटरच्या आत यावा लागतो. ६०३.४ ला मॅचच्या ६० शॉटनी भागा, शॉटमागे १०.०६ च्या आसपास येतात. याचा अर्थ तुमच्या मुलीचा पेलेट केंद्रापासून सरासरी सव्वादोन मिलिमीटरवर पडतोय. दोन वर्षांत, क्लबच्या रायफलीवर आणि दहावीच्या अभ्यासातून वेळ काढून ती इथपर्यंत आली आहे. तिला माझी शाबासकी सांगा.

हे सव्वादोन मिलिमीटर दोघांचे मिळून आहेत, थोडे तिच्या हाताचे आणि थोडे रायफलीचे. पण ते साध्या बेरजेने जमत नाहीत. हात उजवीकडे हलला त्याच क्षणी रायफल डावीकडेही टाकू शकते, मग दोन चुका एकमेकींना खातात. मुलीला सांगा, यंदाच्या भूमितीतला पायथागोरस इथे कामाला येतो. सव्वादोन हा कर्ण. एक बाजू रायफलीची, दुसरी तिच्या हाताची. समजा क्लबची रायफल शिकंज्यात धरल्यावर केंद्रापासून सरासरी अर्धा मिलिमीटर चुकते. तर हाताची बाजू निघते २.१९. म्हणजे जगातली सर्वांत अचूक रायफल आणून दिली तरी साठ शॉटमध्ये जेमतेम दीड गुण वाढेल. पण क्लबची रायफल जर सरासरी १.२ मिलिमीटर चुकत असेल, तर हाताची बाजू १.९ वर येते आणि चांगली रायफल हातात आली की सहा-सात गुण खरोखर वाढतात. दोन लाखांचा निर्णय या एका आकड्यावर आहे, आणि हा आकडा विकणाऱ्याच्या रायफलीत सापडायचा नाही. तो तुमच्या क्लबच्या रायफलीत आहे.

तो काढायचा कसा? क्लबमध्ये व्हाइस, म्हणजे शिकंजा, असेल तर उत्तम, नसेल तर वाळू घट्ट भरलेल्या दोन पिशव्या पुरतात. रायफल पुठ्ठा किंवा रबराचा तुकडा मध्ये घालून धरायची. पकड ॲक्शनच्या, म्हणजे नळीमागच्या पेलेट भरायच्या भागाच्या खाली, नळीला काहीही टेकवायचं नाही. नळी दाबली की ती थोडी वाकते आणि मोजमाप बिघडतं. मग कागदी कार्डावर दहा शॉट, त्याच जागी, साईटला (नेम धरायच्या भागाला) हात न लावता. अशी तीन कार्डं. पाचच शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, नेहमी देखणा दिसतो, म्हणून दहा म्हणतेय. दहा पेलेटचं मिळून जे भोक पडेल ते कडेपासून कडेपर्यंत मोजा. सहा मिलिमीटरच्या आसपास असेल तर क्लबच्या रायफलीत काही दोष नाही. आठच्या पुढे असेल तर मुलीचं म्हणणं बरोबर आहे.

आणि आठच्या पुढे गेलं तरी लगेच विकणाऱ्याला फोन करू नका, आधी पेलेट बदलून बघा. मॅच पेलेटचं डोकं ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा मापांत येतं. ज्या नळीला एक माप आवडतं तिला दुसरं आवडेलच असं नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन बॅचमध्येही फरक पडतो. क्लबमध्ये बहुतेक वेळा जो डबा आला तो सगळ्यांनी वापरायचा, हीच रीत असते. वेगवेगळ्या मापांचे तीन-चार डबे आणून प्रत्येकी दोन कार्डं मारून बघा. मी अशी मुलं बघितली आहेत की पेलेट बदलल्यावर त्यांचं आठ मिलिमीटरचं भोक सहावर आलं आणि घरच्यांचे दोन लाख वाचले. डब्यात पाचशे पेलेट असतात, वाया काही जात नाही, उरलेले सरावाला येतात.

हे सगळं करूनही रायफल घ्यायचं ठरलं, तर आता ती वापरलेली रायफल बघू.

तुम्ही कंपनीचं नाव लिहिलं नाही. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अनशुट्झ, स्टायर यांपैकी कोणाचीही मॅच रायफल असेल तरी माझं उत्तर तेच. या कारखान्यांतून निघालेली नीट राखलेली रायफल तुमच्या मुलीला पुढची कित्येक वर्षं कमी पडणार नाही. कोणती कंपनी भारी, यावर रेंजवर तासन्‌तास वाद चालतात. त्यात तुम्ही पडू नका. तुमच्यासमोर असलेली ही एक रायफल कशी आहे, एवढंच बघा.

टेस्ट कार्ड दाखवलं म्हणून भुलू नका. ते कार्ड खरं असतं, कारखान्यात नळी शिकंज्यात धरून, निवडक पेलेट वापरून मारलेलं असतं. पण ती नळी पहिल्या दिवशी काय करत होती, एवढंच ते सांगतं. मधल्या सहा वर्षांबद्दल ते काही सांगू शकत नाही. कार्डाचा एक उपयोग मात्र नक्की करा. त्यावरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का ते बघा. जुळला नाही तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग स्क्रू बघा. सगळ्या स्क्रूंच्या खाचा नीट असतील तर रायफल जाणत्या हातात होती. खाचा चावल्यासारख्या झाल्या असतील तर कोणीतरी घरी बसून ती उघडली आहे. नळीच्या तोंडाची कड टॉर्चच्या उजेडात बघा, तिथे ठेच किंवा गंजाचा ठिपका नको. आपल्याकडे पावसाळ्यात फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवलेली रायफल हमखास गंज धरते. फोम ओल धरून ठेवतो, ते कोणाच्या लक्षात येत नाही.

हवेची बाजू तपासायला एक रात्र लागते. सिलिंडर २०० बारपर्यंत भरून रायफलीला लावा, काटा कुठे आहे त्याचा फोटो घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. काटा दिसण्याइतका उतरला तर सील गेलेत. सील बदलता येतात, पण मग किमतीतून तेवढी रक्कम वजा व्हायला हवी. सकाळी पहिला शॉट वेग मोजायच्या यंत्रावरून मारा आणि पाठोपाठ आणखी वीस. मॅच रायफलीचा वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटरच्या घरात असतो. तो शॉटाशॉटाला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त वरखाली होता कामा नये. पहिलाच शॉट बाकीच्यांपेक्षा बराच जोरात गेला, तर रात्रभरात रेग्युलेटरमधून (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागातून) हवा हळूहळू पुढे सरकली आहे. स्पर्धेत असा पहिला शॉट वर जातो. मुलगी मग साईट खाली घेते आणि पुढचे शॉट खाली पडतात. चूक रायफलीची असते आणि शंका पोरीला स्वतःवर येते. म्हणून या तपासणीला मी फार महत्त्व देते.

सिलिंडरवर कोरलेली तारीख तुम्ही स्वतः वाचा. बहुतेक कंपन्या सिलिंडरला बनवल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात. रायफल सहा वर्षं वापरलेली असेल, पण सिलिंडर त्याआधी दोन वर्षं गोदामात पडून असू शकतो. मग हातात दोनच वर्षं उरतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की सिलिंडर मुदतीत आहे की नाही, ही जबाबदारी खेळाडूची. हे मी स्वतः भोगलंय. तरुणपणी मी एक वापरलेली रायफल ओळखीवर, न तपासता घेतली. पहिल्याच मोठ्या स्पर्धेत साधनतपासणीच्या टेबलावर माझा सिलिंडर बाजूला काढून ठेवला गेला. त्याची मुदत संपून चार महिने झाले होते. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या एका मुलीने आपला जादा सिलिंडर दिला म्हणून मी लाइनवर उभी राहू शकले. पण त्या दिवशी माझे हात शेवटच्या शॉटपर्यंत थंड होते. तुमच्या मुलीवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिलं. मुदत संपलेला सिलिंडर भरणं जिवाला धोक्याचंही आहे. आणि सिलिंडरच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू देऊ नका. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

इतकं जमलं की रायफल निर्दोष आहे एवढंच ठरलं. ती तुमच्या मुलीची आहे का, हे अजून ठरायचंय.

मिरज तुमच्यापासून लांब नाही. कधी शनिवार पेठेत तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात थोडा वेळ बसा. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतात, गाणारं कोण आहे? बाईच्या गळ्यासाठी तंबोरा वेगळा, पुरुषाच्या गळ्यासाठी वेगळा. भोपळा कितीही देखणा असला तरी पुरुषाच्या पट्टीचा तंबोरा गाणाऱ्या मुलीच्या हातात कोणी देत नाही. आणि घेणाऱ्याला समोर बसवून, त्याच्या कानाला पटेपर्यंत जवारी काढतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या कसबावर. रायफलीचंही तसंच मापाने बघायला हवं. विकणारा माणूस उंच, रुंद खांद्यांचा असेल तर त्याने रायफल आपल्या अंगाला लावून घेतलेली असणार. तुमची मुलगी पंधरा वर्षांची. तिचा हात लहान, मान अजून वाढतेय.

म्हणून तिला सोबत न्या, आणि तिचं जॅकेट, पँट, बूट सगळं घालून उभी करा. साध्या कपड्यांवर रायफल धरून काही कळत नाही. आधी पिस्तूल ग्रिप बघा. तर्जनीचं पेर ट्रिगरवर सरळ, ताण न घेता पोचलं पाहिजे. ग्रिप मोठी असेल तर लहान मापाची मिळते, पण ती मिळेल का आणि कितीला, हे आधी विचारा. मग बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि गालपट्टी. दोन्ही किती मागेपुढे, किती वरखाली होतात ते सरकवून बघा. सगळ्यांत आखूड मापावरही रायफल तिला लांब पडत असेल तर सोडून द्या. याउलट आत्ता आखूड मापावर बसते आणि पुढे सरकवायला जागा आहे, तर तीच हवी. पुढच्या तीन वर्षांत ती वाढणार आहे.

डोकं सरळ राहिलं पाहिजे. साईट डोळ्याजवळ आली पाहिजे, साईट शोधत मान खाली किंवा पुढे जाता कामा नये. याची एक सोपी परीक्षा आहे, ती तिचे कोचही घेत असतील. तिला रायफल लावून डोळे मिटून दोन-तीन श्वास घेऊ द्या, मग डोळे उघडायला सांगा. टार्गेटचा काळा गोल पुढच्या साईटच्या रिंगमध्ये किंवा अगदी जवळ दिसला तर रायफल अंगाला बसते. दर वेळी रायफलीचा नेम गोलाच्या एकाच बाजूला सापडत असेल तर आधी पाय आणि मग बट प्लेट बदलून पुन्हा बघायचं. हे पाच मिनिटांत उरकू नका. तासभर द्या.

वजनाकडेही लक्ष द्या. नियमात साडेपाच किलोची मर्यादा आहे, पण तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. २०१८ पासून मुलींनाही मुलांइतकेच साठ शॉट असतात. आधी पंधरा मिनिटं तयारी, मग ७५ मिनिटं मॅच. पहिल्या दहा शॉटला जड रायफल स्थिर वाटते, चाळिसाव्या शॉटला तीच पाठीत दुखायला लागते. रायफलीला लावलेली जादा वजनं काढता येतात का ते विचारा आणि तिला किमान एकदा पूर्ण साठ शॉट त्या रायफलीवर मारू द्या. स्कोअर बघू नका. नव्या रायफलीवर पहिल्या दिवशी स्कोअर उतरतोच. चाळिसाव्या शॉटनंतर तिचा डावा खांदा आणि चेहरा बघा. तुम्ही बाप आहात, तुम्हाला बंदुकीतलं कळत नसलं तरी लेक दमलेली कळते.

ट्रिगरबद्दल थोडंसंच. दहा मीटर रायफलीच्या ट्रिगरला वजनाची किमान मर्यादा नाही, त्यामुळे अनुभवी खेळाडू तो फार हलका ठेवतात. तुमच्या मुलीला क्लबच्या जड ट्रिगरची सवय आहे. नव्यावर बोट टेकताच शॉट सुटेल आणि ती घाबरेल. पहिल्या महिन्यात ट्रिगर थोडा जड करून घ्या आणि पेलेट न भरता ड्राय सराव करायला सांगा. ट्रिगरचे दोन टप्पे स्पष्ट वेगळे लागतात का, एवढंच विकत घेताना बघा. पहिला टप्पा संपल्यावर जी भिंत लागते ती दर वेळी त्याच जागी लागली पाहिजे.

पैशांचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करता, तरी एक गोष्ट नोंदवते. रायफल घेतली की खर्च संपला असं होत नाही. रोज शंभर शॉट म्हणजे पाच दिवसांत एक डबा. पेलेट, हवा भरणं, स्पर्धांची फी, जाण्यायेण्याचा खर्च हे दर महिन्याला लागतं. तिचं जॅकेट मागच्या वर्षीचं आखूड होत असेल तर रायफलीआधी जॅकेट घ्या. पाठीला आधार तेच देतं. रायफलीत सगळे बेदाण्याचे पैसे घातले आणि मग पेलेट जपून वापरायची वेळ आली, तर ती रायफल पेटीतच पडून राहील. माझ्या मते रायफलीच्या दोन लाख दहा हजारांशिवाय वर्षभराच्या सरावाचे पैसे वेगळे बाजूला काढल्याशिवाय ती घेऊ नये. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं तरी चालेल, ती अजून पंधराचीच आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती.

कागदपत्रांत मूळ खरेदीची पावती आणि आयातीचे कागद मागा. परदेशी रायफल खेळाडूंसाठीच्या सवलतीत आणलेली असेल तर ती विकण्यावर अटी असू शकतात. महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे क्लबमार्फत विचारून घ्या. विक्रीचा कागद दोघांच्या सह्यांनी, रायफलीचा क्रमांक, सिलिंडरचा क्रमांक आणि त्याची मुदत लिहून करा. पैसे बँकेतून द्या. विकणाऱ्यापुढे असा प्रस्ताव ठेवा: रायफल पंधरा दिवस आमच्या क्लबच्या ताब्यात राहू दे, क्लब लेखी पोच देईल, पटली तर पूर्ण रक्कम एकरकमी. हे त्याला मान्य नसेल तर निदान एक दिवस त्याच्या शहरातल्या रेंजवर मुलीला आणि कोचला घेऊन जा. तेही नको म्हणत असेल तर ती रायफल तुमच्यासाठी नाही.

घरी आणल्यावर पेटीला कुलूप लावा, पेलेट वेगळ्या कपाटात ठेवा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग कायम असू द्या. आणि पुतण्याला एवढं नक्की सांगा, द्राक्षबागेत पाखरं उठवायला या रायफलीला हात लावायचा नाही. माणूस जखमी होऊ शकतो, डोळा जाऊ शकतो. बहुतेक पाखरांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय ज्या रायफलीवर मुलीने साईट लावून ठेवलीय ती दुसऱ्या कोणी उचलली, तर तिची आठवड्याची मेहनत पुन्हा शून्यावर येते.

तर येत्या शनिवारी तासगावहून सांगलीला येताना घरून पातळ रबराचा एक तुकडा घेऊन या. क्लबच्या रायफलीवर तीन कार्डं मारा. प्रत्येक कार्डाच्या मागे पेलेटचं नाव, डोक्याचं माप आणि डब्यावरचा बॅच क्रमांक मुलीलाच तिच्या अक्षरात लिहायला सांगा. भोकाचं मापही तिलाच घेऊ द्या, स्टीलच्या पट्टीने, आणि पायथागोरसही तिच्याकडूनच करून घ्या. उत्तर जे येईल ते मला कळवा. मग त्या रायफलीच्या मालकाला फोन करायचा का, ते आपण तिघं मिळून ठरवू.

तुमची,
ताई